विमलबाईंची काठावरची साखर

दिंद्रुडच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या महिला दूध संस्थेच्या सचिव विमलबाई. बारा वर्षं त्यांनी खुर्चीत बसून दुधाचं फॅट तपासलं. २०१६ च्या दुष्काळात गावातली जनावरं चारा छावणीत गेली आणि संस्थेचं संकलनही तिकडंच हललं. छावणी तीन किलोमीटरवर. विमलबाई रोज चालत जाऊ लागल्या.

निम्मी वाट सरली की त्यांच्या पोटऱ्या भरून यायच्या, पाय उचलेनासे व्हायचे. सत्तरीच्या सासूबाई, दगडाबाई, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन पुढं निघून जायच्या.

"विमल, मी म्हातारी पुढं अन् तू मागं? तुला झालंय काय?"

"मलाच कळंना, आत्याबाई."

छावणीत आरोग्य तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर काठावर आहे. मधुमेह नाही, पण त्या वाटेवर आहात."

"म्हंजी हाय का न्हाई?"

"अजून नाही."

विमलबाईंनी पायाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पावलावर बोटं ठेवून नाडी पाहिली, दंडाला अन् घोट्याला पट्टा बांधून प्रेशर मोजलं. "मोठ्या नसा मोकळ्या आहेत. पण चालताना स्नायूंना जास्त रक्त लागतं, तेव्हा बारीक रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात. साखर वाढू लागली की त्या तितक्या सैल होत नाहीत. त्यात बसून बसून पायांची ताकद गेलेली. म्हणून लवकर थकता."

"मग औषध?"

"चालणं."

विमलबाई गोंधळल्या. ज्यानं पाय दुखतात, तेच औषध?

घरी नवरा, मोहनराव, म्हणाले, "पाय दुखत्यात त चालू नको. मी गाडीवर सोडतो."

विमलबाईंना नवऱ्याचंच पटलं. पंधरा दिवस त्या मोटारसायकलवर गेल्या. सोळाव्या दिवशी गाडी बिघडली. चालायला निघाल्या, तर गावाच्या वेशीवर, मारुतीच्या पारापाशीच पोटऱ्या भरल्या. आराम केला, तर पाय आणखीच लवकर थकले! आता कुणाचं ऐकावं?

त्या दिवशी त्या बाभळीखाली बसल्या, पाय हलके झाल्यावर उठल्या, पुन्हा चालल्या. चार ठिकाणी बसून पोचल्या. मग रोज तसंच करू लागल्या. महिनाभरानं दोनदा बसणं पुरायला लागलं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस छावणीच्या फाटकात आल्यावर लक्षात आलं, की आज आपण बसलोच नाही.

हुरूपानं त्यांनी पुन्हा रक्त तपासून घेतलं. साखर थोडीशीच उतरलेली, अजून काठावरच.

"पाय तर बरे झाले, मग साखर का उतरंना?"

"पाय आधी सुधारतात. साखरेला वेळ लागेल. चालणं सोडू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढं छावणी उठली, संकलन गावात आलं. तरी विमलबाई दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेला लागल्या. शेजारच्या सरूबाईंनी हटकलं, "कशापायी चाललीस तिकडं? तिथं आता काय हाय?"

विमलबाई थांबल्या. आजार हाय म्हणावं, तर डॉक्टरीणबाई न्हाई म्हणतात. न्हाई म्हणावं, तर चालत राहा म्हणतात.

"मलाबी नीट सांगता येईना, सरूबाई," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून चालू लागल्या.