त्या वकिलावर कुत्रं भुंकलंच नाही

मंडळी, आत्ताच कामथडीहून सारोळ्याला परतलोय.

तिथलं विहिरीजवळचं एक रान विकत घ्यायचं चाललंय. भोर संस्थानात वकील मोजकेच. कागद तपासायला भोरचा एक धरला. आज मी, बायको आणि तो निघालो. बैलगाडीत बसल्या बसल्या तो सहज म्हणाला, "या गावात मी पहिल्यांदाच येतोय."

रान विकणाऱ्याच्या अंगणात शिरलो, तर त्याचं काळं कुत्रं दात विचकत अंगावर आलं. बायकोनं घाबरून माझा सदरा धरला. मग वकील गाडीतून खाली उतरला. कुत्रं गप्प! शेपटी हलवत त्याच्या पायांत लोळायलाच लागलं.

विकणारा घाईनं म्हणाला, "लई माणसाळलेलं हाय वो." मी एक पाऊल टाकलं, तर पुन्हा गुरगुरलं.

बायको कानाशी पुटपुटली, "अवं, ह्यो मानूस हितं रोजचा हाय."

मग मला आठवलं. हा वकील आम्हाला सुचवला कोणी? विकणाऱ्यानंच! "तुमाला कुठं शोधत फिरायला नको," म्हणाला, आणि आम्हाला त्याचे उपकार वाटले.

बांधावर न जाताच वकील म्हणाला, "रान निर्धोक आहे. उद्या सह्या उरकून टाकू." भीतीनं माझ्या तोंडून "व्हय" निघून गेलं.

सकाळी तो न्यायला दारात येईल. त्याआधी कोणीतरी सांगा हो, भोरमध्ये असा एखादा वकील आहे का, ज्याच्यावर ते कुत्रं भुंकेल?