न जाळलेलं पाचट

चौथीपुढं माझी शाळा झाली नाही. पण सही करायच्या आधी कागद वाचायचा, एवढं मला कळतं.

एका तेलाच्या कंपनीनं आणि एका विजेच्या कंपनीनं मिळून हवा सुधारायला घेतली. त्यांची माणसं आमच्या बावड्याच्या शिवारात फिरली. ऊस तुटल्यावर मागं राहिलेलं पाचट पेटवायचं नाही, कुजवायचं. जेवढा धूर वाचेल तेवढं पुण्य कंपन्यांच्या नावावर, शेतकऱ्याला थोडा मोबदला. ऐकून बरं वाटलं. मी जन्मात पाचटाला काडी लावलेली नाही. लोक हसले तरी सरीत दाबत राहिलो.

कंपनीचा साहेब बांधावर आला. कागद मी अक्षर अक्षर लावून वाचला. ‘मी दरवर्षी पाचट जाळत होतो, यंदा कंपनीमुळे थांबलो.’

“साहेब, हे खोटं हाय.”

“आबा, आधी जाळत होता तरच धूर वाचला म्हणायचा. तुमी जाळलंच न्हाय, तर आमी वाचवलं काय?”

“म्हंजे जाळणारा शहाणा?”

“करा सही. कोण बघतंय?”

“मी बघतोय की.”

मी कागद परत दिला. मोबदला घालवला म्हणून मुलगा माझ्यावर चिडला.

शेजारचा तात्या आमच्या भावकीतला. माझं बघून तोही दहा वर्षं पाचट कुजवत होता. त्यानं सही ठोकली. मग साहेबाला पुराव्याला जाळतानाचा फोटो पाहिजे झाला, तर या शहाण्यानं भर दुपारी स्वतःचं रान पेटवलं. माझ्या अंगणातल्या वाळवणावर काजळी पडली.

चार दिवसांनी दोघं माझ्याच बांधावर. तात्या इस्त्रीच्या सदऱ्यात.

“आबा, तात्यांच्या रानात राखच हाय,” साहेब म्हणाला. “थांबल्यानंतरचा फोटो पाहिजे, आन पुढल्या सालापर्यंत वरचे थांबत न्हाईत. जरा तात्यांना तुमच्या सरीत उभं करू द्या.”

मी तात्याला म्हणालो, “दहा वर्षं केलंस ते जाळलंस, आता माझं नेतोस व्हय रं?”

तात्या खाली बघत निघून गेला. साहेबाला लाज नव्हती. त्यानं रस्त्यावरूनच माझ्या रानावर मोबाईल धरला. मी जाऊन मधोमध उभा राहिलो. बाजूला व्हा, म्हणून त्यानं हात केला. तो गाडीत बसेपर्यंत मी हललो नाही.