दुरुस्त केलेली चाल

चष्मेवाल्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे शनिवारच्या बैठकीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यात आधी ते चष्मेवाल्यांनाच ठाऊक होतं. तरीही अकरा वर्षं ते न चुकता येत होते. शनिवारी दोन वाजता बाजार बंद झाला की घड्याळजी आपल्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत, चार स्टुलं मांडत आणि चहाची किटली मधोमध ठेवत. मग एकेकाची पाळी. सध्या काय ऐकता ते सांगायचं, जमलं तर मोबाईलवर ऐकवायचं, आणि का ऐकता तेही सांगायचं. ‘आवडतं म्हणून’ हे कारण या बैठकीत चालत नसे.

“आवडते तर मला झोपसुद्धा,” घड्याळजी म्हणायचे. “कारण बोला.”

घड्याळजींकडे दुरुस्तीला आलेली चाळीस घड्याळं भिंतीवर चाळीस वेगवेगळ्या वेळा दाखवत, म्हणून ते फक्त बँडचं संगीत ऐकत. निदान एका ठिकाणी तरी सगळे एका वेळी पाय उचलतात, एवढंच त्यांना हवं असे. सिस्टर निवृत्त परिचारिका. त्या बासरीची एक बावीस मिनिटांची फीत ऐकत, कारण गुडघ्याचे व्यायाम बावीस मिनिटांचे होते आणि घड्याळाकडे बघून केले तर गुडघे जास्त दुखतात म्हणे. प्रूफवाल्यांनी हयातभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. ते व्हायोलिनची एकच रचना पाच वादकांची ऐकत, कारण त्यातला तिसरा एका जागी हमखास घसरायचा. ती जागा जवळ आली की त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू घरी पाहुणे येणार आहेत!

चष्मेवाल्यांची पाळी आली की ते म्हणत, “रेडिओ.”

“का?”

“चालू होता म्हणून.”

सगळे हसत, एखादा टोमणा मारत आणि त्यांना माफ करत. माणूस मनाचा निर्मळ होता. शिवाय बाकी तिघांच्याही नाकावर त्यांनीच बसवलेला चष्मा होता, हेही होतंच.

मग चष्मेवाल्यांची बायको गेली. तीन आठवड्यांचं दुखणं आणि खेळ खलास. पुढचे चार महिने ते बैठकीला फिरकले नाहीत. पाचव्या महिन्यातल्या एका शनिवारी शटरखालून वाकून आत आले, आपल्या स्टुलावर बसले आणि पाळी आल्यावर म्हणाले, “मी सध्या जे ऐकत नाही, ते सांगू का?”

कुणी हसलं नाही. सिस्टरनी कप खाली ठेवला.

त्यांची बायको काम करताना एक चाल गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसती चाल. भांडी विसळताना, कपड्यांच्या घड्या घालताना, खिडकीच्या काचा पुसताना. चष्मेवाले पलीकडच्या खोलीत पेपर वाचत असायचे आणि ते गुणगुणणं नळाच्या आवाजासारखं घरात चालू असायचं. एकतीस वर्षं! एकतीस वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की अगं, हे गाणं कुठलं. तोंड काय शिवलं होतं? पण नाही विचारलं. आता घर इतकं गप्प झालं होतं की फ्रीजची घरघर थांबली तरी त्यांना दचकायला होई.

“ते गाणं मला हवंय,” ते म्हणाले. “अजून आठवतंय. पण दर आठवड्याला थोडं कमी आठवतंय. ते पार जायच्या आत मला सापडायला हवं.”

“म्हणून दाखवा,” प्रूफवाले म्हणाले.

चष्मेवाल्यांनी घसा खाकरला आणि म्हणून दाखवलं. आता ते कसं होतं, हे सांगायला धीर लागतो. सूर चढता चढता मधेच पायरी चुकल्यासारखा अडखळला, तिथे विनाकारण थांबला, पुन्हा निघाला आणि शेवटी गळून खाली आला. भिंतीवरची चाळीस घड्याळं टिकटिकत राहिली.

“हं,” प्रूफवाले म्हणाले. “शेवट वर जायला हवा. खाली कसा येईल?”

“मधे एक ठोका जास्त होतोय,” घड्याळजी म्हणाले.

“मला तर अंगाई वाटते,” सिस्टर म्हणाल्या. “थोडं हळू म्हणा बरं.”

आणि इथेच घोळ झाला. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण तिघांचाही जन्म बिघडलेलं नीट करण्यात गेलेला. समोर कुणी अडखळती वस्तू ठेवली, तर हात लावल्याशिवाय त्यांना चैन पडणार कसं?

पुढचे सात शनिवार बैठक दुसरं काही बोललीच नाही. प्रत्येक जण गाणी शोधून आणायचा. सिस्टरनी चार अंगाया आणल्या. घड्याळजींनी, स्वभावाला जागून, दोन कवायतीच्या धुना आणल्या. प्रूफवाल्यांनी तर वहीच केली, आणि डाव्या बाजूला चष्मेवाल्यांची चाल आपल्या खुणांनी लिहून उजवीकडे दुरुस्त्या मांडल्या. चष्मेवाले प्रत्येक गाणं डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत. जवळचं आहे, पण हे नाही.

“मग पुन्हा म्हणा,” प्रूफवाले म्हणत. “मघाशी सांगितलं तसं. शेवट वर.”

ते म्हणत. एखाद्या शहाण्या विद्यार्थ्यासारखे म्हणत, दुकानात गिऱ्हाईक नसताना सराव करत. बायकोचं गाणं नीट म्हणता यावं, ही त्यांना तिची सेवाच वाटू लागली होती. जास्तीचा ठोका गेला, अडखळणं गेलं. सहाव्या शनिवारी शेवटचा सूर वर चढला तेव्हा घड्याळजींनी टाळी दिली.

सातव्या शनिवारी प्रूफवाल्यांनी बाजी मारली. कुठल्याशा जुन्या, कधीच पडद्यावरून उतरलेल्या सिनेमातलं गाणं. मोबाईल किटलीला टेकवून त्यांनी ते लावलं, आणि चष्मेवाल्यांनी गाण्याबरोबर म्हणायला सुरुवात केली. सुराला सूर, ठोक्याला ठोका. कुठे म्हणून फट राहिली नाही.

“हेच!” सिस्टर ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “सापडलं हो वहिनींचं गाणं!”

चष्मेवाल्यांनी तिघांचे हात हातात घेतले.

घरी जाताना ते जवळजवळ पळतच गेले. चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरले, नळ सोडला, कारण ती नळ सोडूनच म्हणायची, आणि पूर्ण चाल म्हटली. मग थांबून वाट पाहिली. काहीच झालं नाही. चाल सुरेख होती. तिच्यात बायको नव्हती.

पुन्हा म्हटली. मग त्यांनी ठरवलं की आपली मूळचीच म्हणावी, ती पहिल्या दिवशी म्हटली होती तशी, वेडीवाकडी. तोंड उघडलं तर ओठांवर सिनेमातलीच आली. हळू म्हटलं, डोळे मिटून म्हटलं, हात पाण्याखाली धरून म्हटलं. दर वेळी शेवटचा सूर शहाण्यासारखा वर चढत होता. जुनी चाल पुसली गेली होती. आणि ती पुसायला त्यांनी स्वतः सात आठवडे मेहनत घेतली होती.

चष्मेवाल्यांनी नळ बंद केला, ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. बायको गेली त्या दिवशी माणसांची ये-जा होती, कागदपत्रं होती. रडायचं राहून गेलं होतं. ते आज रडले. दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी आपणच घालवली, असं त्यांना वाटत होतं.

बैठकीतल्यांना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगणार काय? एवढी मायेची माणसं. पुढचे दोन शनिवार सर्दी झाल्याचा निरोप धाडला आणि घरी बसून राहिले. रेडिओही लावला नाही.

तिसऱ्या आठवड्यात लेक आली, दोन दिवसांची रजा काढून. आईचं कपाट आवरायचं होतं. बापाचा उतरलेला चेहरा तिने पाहिला, पण ती आईसारखीच होती. विचारण्याआधी हाताला काम लावणारी. तिने चादरींचा ढीग बाहेर काढला आणि एका चादरीची दोन टोकं बाबांच्या हातात दिली.

“धरा. आणि मागे सरका. ओढा आता.”

एक चादर झाली, दुसरी झाली. तिसरी चादर मधे ताणलेली असताना लेक गुणगुणायला लागली.

सूर चढता चढता अडखळला. तिथे विनाकारण थांबला. पुन्हा निघाला आणि शेवटी गळून खाली आला.

चष्मेवाल्यांच्या हातातून चादर सुटली नाही एवढंच. “थांबू नकोस,” ते म्हणाले.

“काय झालं, बाबा?”

“म्हण. आधी म्हण.”

तिने घाबरून पुन्हा म्हटलं. त्यांनी ते अंगावर ऊन घ्यावं तसं घेतलं. मग हळूच विचारलं, “आईचं हे गाणं कुठलं गं? तुला ठाऊक आहे?”

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. “आईचं कुठलं? हे तुमचं आहे.”

“माझं?”

“म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नाही? आई म्हणायची की त्यांना पत्ताच नाही, पण मला वाटायचं तुमची मस्करी करतेय.” लेक चादर धरूनच पलंगाच्या कडेवर बसली. “दुकानात ते जुनं दगडी चाक होतं ना, काचेच्या कडा घासायचं? लग्नानंतर आई वर्षभर गल्ल्यावर बसायची, तेव्हाचं. चाक सुरू केलं की तुम्ही गुणगुणायचात. मधेच काच उचलून फ्रेमला लावून बघायचात, तेवढा वेळ थांबायचात. बसली नाही की पुन्हा घासायला लागायचात, पुन्हा गाणं सुरू. आणि बटण बंद केलं की चाक हळूहळू थांबायचं, त्याच्याबरोबर तुमचा सूरही खाली यायचा. आई करून दाखवायची मला, हसता हसता बेजार व्हायची.”

चष्मेवाले चादरीचं टोक धरूनच तिच्याशेजारी बसले.

“मूळ गाणं कुठलंतरी सिनेमातलं असेल, म्हणायची, पण त्यात काही मजा नाही.” लेकीचा आवाज बारीक झाला. “मग दुकानात नवं यंत्र आलं. काच ठेवली की आपोआप घासून मिळते. त्या दिवसापासून तुमचं गुणगुणणं बंद झालं. आई म्हणाली, त्यांचं दुकानात बंद पडलं, म्हणून मी घरी घेऊन आले.”

ती चादर त्या दिवशी घडी व्हायची राहिलीच.

शनिवारी शटरखालून चष्मेवाले आत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. घड्याळजींच्या टेबलावर त्यांनी ते सोडलं. दगडी चाक निघालं, कडेला झिजलेलं. दुकानाच्या माळ्यावरून काढून त्यांनी त्याला नवी वायर लावली होती.

“हे काय आता?” घड्याळजी म्हणाले. “सर्दी बरी झाली का?”

“झाली. प्रूफवाले, तुमच्या नव्या चष्म्याची काच आणलीय. जरा दम धरा.”

वाटीत पाणी घेतलं, दगड ओला केला, बटण दाबलं. चाक घरघरलं. चष्मेवाल्यांनी काच टेकवली आणि चाकावर पहिल्यांदाच जाणूनबुजून गुणगुणायला लागले. काच उचलली, फ्रेमला लावून पाहिली. थांबले. बसली नाही. पुन्हा टेकवली, पुन्हा सुरू केलं. मग बटण बंद केलं आणि चाकाबरोबर त्यांचा सूर गळत गळत खाली आला.

“अहो, असं काय करता!” प्रूफवाले कळवळून म्हणाले. “सगळं विसरलात? शेवट वर—”

सिस्टरनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, जसा इतकी वर्षं रोग्यांच्या ठेवत आल्या होत्या. घड्याळजींनी चष्मेवाल्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि कपात चहा ओतत बैठकीचा रिवाज म्हणून विचारलं, “बोला. सध्या काय ऐकताय?”

“हेच. माझंच आहे.”

“का?”

चष्मेवाल्यांनी काच रुमालाने पुसली, उजेडाकडे धरली आणि फ्रेममध्ये बसवली. या वेळी ती बरोबर बसली.

“ती ऐकत होती म्हणून,” ते म्हणाले.