सात नंबरची खुंटी

भरतीकाकांचं खरं नाव मला आजही माहीत नाही. समुद्राकाठच्या तंबूंच्या मैदानाची राखण त्यांनी पंचेचाळीस वर्षं केली. आज पाणी कुठवर येणार ते सकाळीच सांगायचे, म्हणून भरतीकाका. त्यांचा शब्द कधी चुकल्याचं कुणी ऐकलं नाही. अशा माणसाला एकोणीस वर्षं एकच खोटं धरून बसावं लागलं आणि ते आमच्या घरामुळे, तेव्हा हे लिहिणं माझ्याच वाट्याला येणार होतं.

मी आठ वर्षांची असताना आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो. मैदान म्हणजे फार थाट नव्हता. वाळू संपून गवत सुरू होतं तिथे पाण्यासमोर दहा जागांची एक रांग, मागे आणखी दोन रांगा, कोपऱ्यात चार नळ, आणि पत्र्याची एक शेड. प्रत्येक जागेच्या तोंडाशी चुन्याने रंगवलेला नंबराचा दगड. बाबांनी सात नंबर घेतला, कारण तो रांगेत सगळ्यात उंच होता आणि आईला ओल्या अंथरुणाची धास्ती होती. पहिला तंबू उभारायला आम्हाला साडेतीन तास लागले. त्यात बाबा आणि आई एकमेकांशी जे बोलले ते दादाला आणि मला कितीतरी वर्षं पाठ होतं.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. वेळेबद्दल दुसऱ्या कुणी छातीठोक बोललं की त्यांच्या अंगात यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीकाका हातात काठ्या घेऊन रांगेपुढून चालत आले. कालची ओली रेघ बघायची, वाऱ्याकडे तोंड करून जरा उभं राहायचं, मनाशी तिथी मोजायची आणि एकेक काठी वाळूत रोवायची, ही त्यांची रोजची पद्धत. आमच्यासमोर काठी रोवून ते म्हणाले, "अकरा वाजून दहा मिनिटांनी पाणी इथे लागेल. पुढे येणार नाही."

"दहा मिनिटांनी? नऊ नाही, अकरा नाही?" बाबा म्हणाले.

"तुमच्याकडे घड्याळ आहे ना? बघा की."

बाबांकडे तीन होती. तिन्ही मांडीवर घेऊन ते वाळूत बसले. अकरा दहाला पाणी काठीला लागलं आणि माघारी गेलं. बाबांनी तिन्ही घड्याळं एकदा कानाला लावून पाहिली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं हा सामना दर सुट्टीत व्हायचा. बाबा त्यांना भरतीराव म्हणायचे, ते बाबांना घड्याळवाले. दोघांची मैत्री होती असं दोघांनीही कधी कबूल केलं नसतं.

मैदानावर वही नव्हती, खुंट्या होत्या. निघताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या तंबूची एक खुंटी काकांकडे द्यायची. शेडच्या भिंतीवर नंबर घालून खिळे ठोकलेले होते, त्यावर काका ती टांगायचे. खुंटी टांगलेली आहे तोवर पुढच्या वर्षीची जागा तुमची. यायचं नसेल तर कळवायचं, मग काका खुंटी उतरवून ठेवायचे. आमची खुंटी बाबांनी दुकानातल्या ब्रशने निळी रंगवली होती. ती टांगताना बाबा दरवर्षी तेच म्हणायचे, "पुढच्या वर्षी येतो." आणि काका म्हणायचे, "जागा आहे."

मला त्या मैदानाचं काय काय आठवतं ते सांगायला बसले तर हा कागद पुरणार नाही. स्टोव्हला पंप मारतानाचा आवाज, उन्हात तापलेल्या कॅनव्हासचा वास, चहात हमखास सापडणारी वाळू. दादा आणि मी एकाच घडीच्या खाटेवर दोन बाजूंना डोकी करून झोपायचो आणि एकमेकांच्या पायांना नावं ठेवायचो. पुढे आमची लग्नं झाली तरी आई-बाबा जातच राहिले. मग मी माझ्या मुलीला घेऊन त्यांच्यासोबत जायला लागले. शेवटच्या वर्षी ती पाच वर्षांची होती.

त्या वर्षानंतर बाबा आजारी पडले आणि पुढची सुट्टी यायच्या आत गेले. दुकान माझ्याकडे आलं. आता ते मी चालवते, म्हणजे मुख्यतः सेल बदलते. त्या धावपळीत सगळ्या नातेवाइकांना कळवलं, गिऱ्हाइकांना कळवलं, दुधवाल्यालासुद्धा कळवलं. भरतीकाकांना एक पत्र टाकायचं मात्र कुणाला सुचलं नाही. याची मला लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी.

गेल्या वर्षी आईचा माळा आवरताना तंबूची पिशवी निघाली. मी खुंट्या मोजल्या. अकरा भरल्या.

"बारावी त्यांच्याकडे असेल," आई खालून म्हणाली. "तुझ्या बाबांनी टांगली होती."

मी तशीच माळ्यावर बसून राहिले. मग खाली उतरून मुलीला फोन केला आणि म्हटलं, दोन दिवस रजा टाक.

मैदानावर आता ऑफिस झालं होतं. काचेचं दार, टेबल, संगणक. मॅनेजर तरुण होता आणि अगदी अदबीने बोलत होता. मी सात नंबर मागितला तर म्हणाला, "सात देत नाही हो. तिथे पाणी येतं."

"सातला? सगळ्यात उंच जागा आहे ती."

"काकांनी सांगितलंय. इतकी वर्षं ती रिकामीच आहे. सोमवारपासून तिथून चर खणतोय, पाण्याला वाट करून द्यायला. पूर्ण आराखडा काकांच्या खुणांवरूनच केलाय. त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळतं?"

मी बाहेर येऊन बघितलं. सात नंबरवर फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, बरोबर आमच्या स्टोव्हच्या जागेवरून. माझं डोकं फिरलं. मुलगी म्हणाली, "आई, आधी त्यांना भेट. मग चिड." मी चिडतच भेटायला गेले.

भरतीकाका शेडमध्ये स्टुलावर बसून दोर गुंडाळत होते. सत्तरी आली होती, पण मान तशीच ताठ. माझ्याकडे बघितलं, मग मुलीच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं आणि उठून उभे राहिले.

"धाकटी ना तू? घड्याळवाले मागून येतायत?"

हे ऐकल्यावर माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी त्यांना सांगितलं. कधी गेले तेही सांगितलं.

काका पुन्हा स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हणजे त्याच वर्षी. आणि मी समजत होतो, रागावले."

"का रागावतील?"

"शेवटच्या दिवशी त्यांचं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं. मी चारचौघांत म्हटलं, घड्याळवाले, आता दुकान बंद करा. ते हसले, पण मला वाटलं, लागलं त्यांना. दुसऱ्या वर्षी आले नाहीत. म्हटलं, राग गेला की येतील."

भिंतीवर खिळे तसेच होते आणि जवळजवळ सगळे रिकामे. सात नंबरच्या खिळ्यावर निळी खुंटी होती. रंग निम्मा उडाला होता, पण धूळ नव्हती.

मग त्यांनीच सगळं सांगितलं. बाबा गेले त्या वर्षी एका कुटुंबाने सात नंबर मागितला. मैदानाच्या मालकांचा हुकूम होता की खुंटी असो नसो, गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. काकांच्या तोंडून निघून गेलं, तिथे पाणी येतं. त्यांचा शब्द, त्यामुळे कुणी शंका काढली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच सांगावं लागलं. पुढे मैदानावर वही आली, मग ते वहीत गेलं, वहीतून संगणकात आणि आता आराखड्यात.

"आणि सोमवारी खणणार," मी म्हटलं.

"सात नंबर उंच आहे म्हणून मागच्या दोन रांगा कोरड्या राहतात. तोच उंचवटा फोडला तर समुद्र सरळ नळांपर्यंत जाईल. मला काय कळत नाही होय?" ते दोराकडे बघत म्हणाले. "पण महिनाअखेरीला मी निवृत्त होतोय. पंचेचाळीस वर्षं एका शब्दावर काढली. आता जाताजाता सांगू, मी खोटं बोललो म्हणून? मग बाकीच्या खुणा तरी कोण खऱ्या मानेल?"

"तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते."

"तू नको." त्यांनी दोर खाली ठेवला. "खोटं माझं आहे."

टोपी काढून हातात घेतली आणि ते ऑफिसात गेले. आम्ही दाराशी उभ्या राहिलो. त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. एका दमात सांगितलं, सात नंबरला कधी पाणी आलेलं नाही, मी जागा राखायला खोटं बोललो.

मॅनेजरने संगणकावरचे हात काढून घेतले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "काका, मग बाकीच्या नऊ खुणांचं काय?"

"त्या खऱ्या आहेत."

"हे मी कशावरून धरू?"

भरतीकाकांना असा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांचे कान लाल झाले. टोपी दोन्ही हातांत फिरवत ते म्हणाले, "उद्या उधाण आहे. या मोसमातलं सगळ्यात मोठं. दुपारी एक पस्तीसला पाणी पुरं चढेल. मी सकाळी नऊ जागांसमोर काठ्या रोवतो. एक जरी काठी चुकली तर जिथे म्हणाल तिथे खणा. आणि सातवर ही तंबू टाकेल."

"मी?" मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीने आणि मी तंबू उभारला. दोन तास लागले, घराण्याची प्रगती म्हणायची. बारावी खुंटी काकांनी आणून दिली. पाण्याकडच्या कोपऱ्यात मी ती ठोकली. सकाळी त्यांनी काठ्या रोवल्या तेव्हा मी बघत होते. वाऱ्याकडे तोंड करून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. एका जागी रोवलेली काठी त्यांनी उपटली, वीतभर मागे घेतली आणि पुन्हा रोवली.

एक वाजता पाणी वाळू चढायला लागलं. मैदानावरची सगळी माणसं येऊन उभी राहिली. मॅनेजर रांगेच्या टोकाला कागद घेऊन उभा. एक नंबरची काठी भिजली. दोनची भिजली. नऊ आणि दहाच्या मधून पाण्याने घुसून मागच्या रांगेच्या तोंडापर्यंत जीभ काढली, आणि तिथे काकांनी खरोखरच सगळ्यात मागे काठी रोवलेली होती. आमच्यासमोर फेस येत होता आणि जात होता. दर लाटेला माझी मुलगी माझा दंड आवळत होती. काका तंबूकडे बघतच नव्हते. त्यांची नजर समुद्रावर होती.

एक लाट जास्त पुढे आली, खुंटीपासून चार हातांवर थांबली आणि मागे गेली. पुढची तिथवर पोचलीच नाही.

"फिरलं," काका म्हणाले.

मी हातातलं घड्याळ पाहिलं. ते बाबांचं आहे. "एक एकतीस झालेत काका. चार मिनिटं चुकलात."

त्यांनी मान वळवून माझ्या मनगटाकडे बघितलं. "ते तेच घड्याळ आहे का?"

मॅनेजरने खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "एक पस्तीस."

मी घड्याळजीची मुलगी, घड्याळांच्या दुकानात बसते, आणि हे घड्याळ इतकी वर्षं चार मिनिटं मागेच आहे. मला ते दुरुस्त करवलं नाही. काकांनी टोपी काढली, ती वाळूत पडली. तोंड फिरवून त्यांनी डोळे पुसले आणि मग मीही पुसले.

नऊच्या नऊ काठ्या बरोबर ठरल्या होत्या. मॅनेजरने कागदावरची चराची रेघ खोडून नऊ आणि दहाच्या मधे ओढली. "सात नंबर यादीत घालतो, काका," एवढंच म्हणाला आणि त्यांची वाळूत पडलेली टोपी उचलून त्यांना दिली. माणूस बरा आहे.

मग मी काकांना तंबूत चहाला बोलावलं. ते दाराशी अडखळले. पंचेचाळीस वर्षांत एकाही तंबूच्या आत ते बसले नव्हते. चपला बाहेर काढून खाटेच्या कडेवर टेकले, चहा घेतला आणि म्हणाले, "वाळू आहे यात."

"असतेच," मी म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही तंबू गुंडाळला. शेवटची निळी खुंटी काढून मी सवयीने शेडकडे नेली. आता जागा ऑफिसात मिळते, खुंट्यांचा काही उपयोग नाही, हे मला कळत होतं. काकांनाही कळत होतं. तरी त्यांनी हात पुढे केला, खुंटी सदऱ्याला पुसली आणि सात नंबरच्या खिळ्यावर टांगली. मग माझ्या बोलण्याची वाट बघत उभे राहिले.

बाबांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं.

"पुढच्या वर्षी येते," मी म्हटलं. "आणि नाही आले, तर कळवीन."

त्यांनी मान हलवली. खिळ्यावरची खुंटी जरा सरळ केली.

"कळव," ते म्हणाले. "जागा आहे."