कॅप्टनचा आखूड हात

सीनण्णा गेल्याचं मला घरच्यांच्या आधी, खेळण्यातल्या शिपायांवरून वाद घालणाऱ्या माणसांकडून कळलं. मी पुण्यात एका प्रकाशनाच्या ऑफिसात मुद्रितं तपासत बसले होते, फोनचा आवाज बंद करून. जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला तर 'विण्कावलर' या चित्रकथेच्या चाहत्यांच्या गटात नेहमीसारखी जुंपलेली होती, नव्या सिनेमाच्या ट्रेलरवरून... आणि त्या भांडणाच्या मधोमध कुणीतरी तमिळमध्ये लिहिलं होतं, "कुंभकोणमचे ड्रॉइंग मास्टर आज पहाटे झोपेतच गेले." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. एका उत्साही माणसाने श्रद्धांजली म्हणून आधीच्या सिनेमाचं पोस्टर लावलं होतं: कॅप्टन वॉरेल छाती काढून उभा, दोन्ही हात अगदी सारखे लांब. सीनण्णाने ते पाहिलं असतं तर भांडायला उठून बसला असता. मग त्याच्या बायकोचे, कमलावहिनीचे येऊन गेलेले फोन दिसले. सहा होते.

सीनण्णा म्हणजे श्रीनिवासराव, माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही तंजावरी मराठी. मराठ्यांच्या राज्यात कुणी पूर्वज कारकुनी करायला तिकडे गेला आणि आम्ही तिथलेच झालो. बाहेर तमिळ, घरात मराठी, आणि तीही अशी की पुण्याची माणसं ऐकून आधी हसतात, मग "किती गोड" म्हणतात. काका आणि बाबा एकाच घरात राहायचे, महामहम तळ्यामागच्या गल्लीत. त्या तळ्याच्या पायऱ्यांवरून सीनण्णा सात वर्षांचा असताना घसरला. डावा हात खांद्याजवळ मोडला. कुणीतरी बांधला, हाड जुळलं, पण पुढे तो हात उजव्याच्या बरोबरीने वाढलाच नाही. मोठेपणी चांगला चार बोटं आखूड राहिला. आमच्या घरात याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. शिंपी त्याच्या दोन्ही बाह्यांची मापं वेगवेगळी घ्यायचा आणि काकू तेवढा वेळ उगीच रस्त्याकडे बघत बसायची. न बोलायची आम्हाला इतकी सवय झाली की पुढे पुढे मला तो हात दिसेनासा झाला. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. घडलं ते कसं घडलं एवढंच सांगते आहे.

तो अकरा वर्षांचा असताना त्याचा मामा सिंगापूरहून आला आणि येताना कॅप्टन वॉरेल घेऊन आला. वीतभर उंचीचा, निळ्या चिलखतातला प्लास्टिकचा बाहुला. विण्कावलर म्हणजे आकाशातल्या चौक्या राखणारं पथक, त्याचा हा पुढारी. परदेशात आधी खेळणी निघाली, मग ती खपावीत म्हणून चित्रकथा, आणि त्या चित्रकथा तमिळमध्ये होऊन, पुसट शाईत, महिन्याला एक अशा बस स्टँडजवळच्या पेपरवाल्याकडे यायच्या. आम्ही त्या तमिळमध्ये वाचायचो आणि भांडायचो मराठीत. तर त्या बाहुल्याचा डावा हात उजव्याहून आखूड होता. चित्रकथेत त्याचं कारणही दिलेलं होतं. लढाईत कॅप्टनचा हात जळतो, एका ओसाड ग्रहावरचा म्हातारा लोहार त्याला नवा घडवून देतो, पण लोखंड पुरत नाही. तेव्हापासून शत्रूला भिडायचं तर कॅप्टनला इतरांपेक्षा एक पाऊल जास्त पुढे जावं लागतं. ते पान सीनण्णाने मला किती वेळा वाचून दाखवलं असेल... वाचता वाचता तो स्वतः उठून एक पाऊल पुढे यायचा.

ते पाऊल त्याच्या अंगात राहिलं. शाळेत ड्रॉइंग मास्तर झाल्यावर तो फळ्याला इतका चिकटून उभा राहायचा की शर्टाच्या खिशावर कायम खडू. बोलायला लागला की समोरच्याच्या इतका जवळ येई की नवा माणूस मागे सरके. "अण्णा, श्वास घ्यायला तरी जागा ठेव," मी म्हणायचे. "कॅप्टन लांब उभारून बोलत नाही," हे उत्तर ठरलेलं. सुट्टी आली की बस पकडून स्वामीमलैला जायचा, दुरैसामी नावाच्या मूर्तिकार मित्राच्या कारखान्यात. तिथे पंचधातूची मूर्ती आधी मेणात घडवतात, आणि मापाला फूटपट्टी नसते. नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापायची आणि तिला घड्या घालायच्या: अमुक घडीत चेहरा, तमुक घड्यांत हात. सीनण्णा ती विद्या शिकून आला आणि त्याने सगळ्यात आधी काय मोजलं, तर कॅप्टन. मग चित्रकथेची पानं मोजली. दोन्हीकडे डावा हात अर्धी घडी कमी भरला तेव्हा स्वारी अशी खूश, जणू स्वतःचीच पत्रिका जुळली.

तीन वर्षांपूर्वी सिनेमा आला तेव्हा मी नेमकी उन्हाळ्याची सुट्टी घेऊन कुंभकोणमला होते. पन्नाशी उलटलेली आम्ही दोघं भावंडं कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभी. थिएटरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं पोस्टर होतं. सीनण्णाने खिशातून झावळीची पट्टी काढली आणि पोस्टरला लावली. वॉचमन धावत आला. "सार, काही हरवलं का?" त्याने तमिळमध्ये विचारलं. "हात मोजतों," सीनण्णा मराठीतच म्हणाला, इतका तो गुंगला होता. पट्टी दोन्ही हातांना सारखीच बसली. आत सिनेमाभर कॅप्टन घराएवढी बंदूक घेऊन लांबून गोळ्या झाडत होता. मला, खरं सांगते, मजा आली. बाहेर आल्यावर कॉफी प्यायला बसलो. त्याने डबऱ्यातली, म्हणजे पसरट वाटीतली कॉफी पेल्यात ओतली, परत डबऱ्यात ओतली, गार होईपर्यंत तेच करत राहिला.

"हात लांब केले, म्हणून तो लांब उभारतो," तो म्हणाला. "मज पसंत नाही. तो वॉरेल नव्हे."

"अण्णा, सिनेमा आहे. बाहुल्याचं सगळं जसंच्या तसं कसं आणणार?"

"जसंच्या तसं कोण मागतो? मिशी लाव, गाणं म्हणायला लाव. दुरैसामी दर मूर्तीला नवं तोंड काढतो, मी कधी काही बोललों का? माप मोडू नको, इतकंच."

हेच त्याने गटात लिहिलं आणि तिथे दोन तट पडले. जुने वाचक त्याच्या बाजूला, सिनेमा पाहून आलेली नवी मंडळी विरुद्ध. मी नव्यांच्या बाजूला गेले. सिनेमा आवडला होता हे कारण होतंच, पण खरं कारण असं की लहानपणापासून प्रत्येक वाद त्याने जिंकला होता आणि मला एकदा, निदान एकदा, त्याला निरुत्तर करायचं होतं. त्यातून माझं पोट चुका शोधण्यावर चालतं. पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षात मी माझी मराठीसुद्धा दुरुस्त करून घेतली होती, कुणी हसू नये म्हणून. सीनण्णा फोनवर म्हणायचा, "तुज इस्त्री केले का गं ते लोक?" मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

शोधता शोधता एका परदेशी चाहत्याच्या पानावर मला हवं ते सापडलं. त्या खेळण्यांच्या कारखान्यात काम केलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं की डाव्या हाताचा साचा टोकाशी फुटला, नवा करायला वेळ नव्हता, म्हणून तेवढा भाग घासून काढला आणि तसाच माल बाजारात गेला. लोहाराची गोष्ट चित्रकथावाल्यांनी मागाहून जुळवली. मी त्याचं झकास तमिळ भाषांतर केलं आणि गटात टाकलं. शेवटी माझी स्वतःची तीन वाक्यं जोडली. ती मला पाठ आहेत. "कॅप्टनचा हात आखूड नव्हता, साचा बिघडला होता. ती निव्वळ चूक होती. सिनेमाने ती दुरुस्त केली, यात रडण्यासारखं काय आहे?"

अंगठे वर करणाऱ्यांची रांग लागली. कुणी विचारलं, "मास्टर, आता बोला." बऱ्याच वेळाने सीनण्णाचं उत्तर आलं, एकच शब्द. "सरि." म्हणजे बरं. त्यानंतर त्याने गटात कधीच काही लिहिलं नाही. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे द्यायचे तेवढे बाकी ठेवले होते.

चार-पाच दिवसांनी नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करत होते. दोन बाह्या एकमेकींवर ठेवल्या, कड कडेला जुळवली, आणि हात तिथेच थांबला. आमच्या घरी सीनण्णाच्या शर्टाची घडी अशी कधी जुळायची नाही... बिघडलेला साचा, निव्वळ चूक, दुरुस्त केली. हे मी कुणाला लिहिलं होतं? भर गटात, तमिळमध्ये, त्याच्या सगळ्या ओळखीच्यांसमोर. मी इस्त्री बंद केली आणि तशीच खाली बसले. लाज वाटली.

तेव्हाच फोन करायला हवा होता. पण फोन करून म्हणणार काय? माफ कर म्हणायचं तर त्या हाताचं नाव काढावं लागणार, आणि आमच्या घरात ते जवळजवळ पन्नास वर्षांत कुणी काढलं नव्हतं. कदाचित त्याच्या मनात तसलं काही आलंच नसेल, मीच बोलून जखम करीन, अशी मी माझी समजूत घातली. सोयीची होती. फोन चालूच होते आमचे. कावेरीला पाणी आलं का, वहिनीचे गुडघे कसे आहेत, दुरैसामीच्या मुलीचं लग्न. वॉरेलचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही. समोरासमोर भेटू तेव्हा सांगू असं ठरवत एक उन्हाळा गेला, मग दुसरा. शेवटच्या फोनवर त्याने विचारलं होतं, "या वर्षी तरी येतेस का?" मी म्हटलं, "पुस्तकांचं काम आहे रे, पुढच्या वर्षी नक्की." तो म्हणाला, "सरि."

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर कमलावहिनीने त्याचं कपाट माझ्यासमोर उघडलं. "चित्रकथा तूच ने. येथ कोण वाचतं?" गठ्ठे नीट सुतळीने बांधलेले होते. त्यांच्या मागे कॅप्टन उभा होता. निळा रंग जागोजागी उडालेला, आणि... डावा हात उजव्याइतका लांब. मला आधी वाटलं माझीच नजर चुकते आहे. हातात घेऊन पाहिलं. मनगटाच्या पुढे निळ्या रंगाखाली काळसर मेण होतं, मूर्तिकारांचं, राळ घातलेलं. त्यातून त्याने हात पुरा केला होता. बोटं, नखं, चिलखताची कड, सगळं असं घडवलेलं की सांधा बोटाला लागतो, डोळ्याला दिसत नाही. शेजारी झावळीची वाळकी पट्टी पडली होती, घड्या घातलेली. माप अचूक होतं.

"हे कधी?" मी विचारलं.

"ते तुझं गटातलं वाचले ना, त्यानंतर," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "स्वामीमलैहून मेण आणले. मी विचारलें, हे का करता? म्हणाले, पद्मा चूक दाखवली, करून टाकतों. आठ दिवस बसले होते. मग कपाटात ठेवले, परत काढले नाहीत."

मी तिथेच नख लावलं. मेण उखडून काढावं, खालचा खरा हात मोकळा करावा, एवढंच डोक्यात होतं. वहिनीने माझं मनगट धरलं. "नको गं. ते त्यांच्या हातचं आहे."

त्याला आता पाच आठवडे झाले. गटात मी हे लिहिलं नाही, धीर झाला नाही. ते सारख्या लांबीच्या हातांचं पोस्टर अजून तिथे आहे आणि खाली भांडण पुन्हा सुरू झालं आहे, नव्या सिनेमात कॅप्टनचं शिरस्त्राण मुळाबरहुकूम आहे की नाही यावरून. तिथे "मूळ" हा शब्द दिसला की मी फोन बंद करते. सीनण्णाला देवनागरी अडखळत वाचता यायची, तरी हा लेख मी त्याच्यासाठीच लिहिते आहे. छापून आला की वहिनीला फोनवर वाचून दाखवीन. त्या हाताचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा मी काढते आहे, आणि ऐकायला तो नाही.

कॅप्टन इथे माझ्या टेबलावर आहे, मुद्रितांच्या शेजारी. अजूनही कधी कधी माझं नख त्या सांध्याशी जातं. मी ते मागे घेते. एकदा त्याला दुरुस्त करून झालं आहे माझं. दुपारी दोनच्या सुमारास खिडकीतलं ऊन टेबलावर सरकत येतं. मेणाला ऊन चालत नाही, हात वाकायला लागतो. म्हणून रोज त्या वेळेला मी हातातलं काम ठेवते, त्याला उचलते आणि एक पाऊल माझ्याकडे, सावलीत घेते.