तड्याच्या टोकाचं भोक

आमच्या यांचं वेल्डिंगचं दुकान कामठी रोडला होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे आमची एक खोली, मधल्या दाराला पोत्याचा पडदा. गिऱ्हाईक असलं की मी पडद्याच्या आत राहायचं. नसलं की गॅस तयार व्हायला कार्बाईडच्या टाकीत पाणी घालणं, गंज घासणं आणि तडा कुठवर गेलाय ते शोधणं ही कामं माझी. केसाएवढा तडासुद्धा रॉकेलचा बोळा फिरवला की मला दिसायचा. तडा भरायच्या आधी हे त्याच्या टोकाला बारीक भोक पाडत. भोक असलं की तडा तिथेच थांबतो, नाहीतर जोडाच्या बाजूने पुढे पळतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

आणीबाणी नुकतीच उठली होती. त्या उन्हाळ्यात एका शेठची गोल्फच्या मैदानावरची गाडी दुरुस्तीला आली. बॅटरीवर चालणारी, बाहेरदेशातून आणलेली. पुढच्या सीटखालच्या लोखंडी सांगाड्याला तडा होता. शेठचा ड्रायव्हर सारखा घाई करत होता, म्हणून यांनी भोक न पाडताच जोड मारून दिला.

पंधरा दिवसांनी ड्रायव्हर गाडी घेऊन पुन्हा दारात, पुढची सीट वर उचललेली.

"का गा मिस्तरी, हाच का तुया जोड?"

"तुया शेठले विचार," हे म्हणाले. "एवढीशी गोटी माराची, अन् तिच्या मागं दोन-दोन हत्तींनी गाडीत बसून जायाचं. लोखंडानं काय करावं?"

दोघंही हसले. जोडाच्या बाजूने तडा बोटभर पुढे गेलेला मला पडद्याच्या फटीतून दिसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, टोकाले भोक नव्हतं ना पाडलं."

ड्रायव्हर जोरात हसला. "बाई तर तुयाहून हुशार आहे गा! तिलेच बसव दुकानात."

हेही हसले. उद्या गाडी पुन्हा आण, बॅटऱ्या काढून आण, असं सांगून त्याला वाटेला लावलं. मग आत आले. पडदा दांडीसकट खाली आला. माझा डावा हात त्यांनी उंबऱ्यावर दाबला आणि हातोडीच्या दांड्याने मारलं.

"गिऱ्हाईकासमोर तोंड काहून उघडलं वं? काहून?"

प्रत्येक काहूनला एक मार होता. करंगळीचं हाड मोडलं ते मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मग केस धरून माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. शेजारी बॅटरीवाल्याचं दुकान होतं. त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मीच पडदा पुन्हा बांधला, एका हाताने. ड्रायव्हर गाडी घेऊन आला. रात्रभर चार्जिंगला होती म्हणाला. यांनी विचारलं, "बॅटऱ्या?"

"काढल्या ना गा. का ह्या रस्त्यावर नाचून राहिल्या?"

पुढच्या दोन काढून त्याने खरंच भिंतीशी ठेवल्या होत्या. पण हे भोक पाडायला ड्रिल आणायला गेले तेव्हा त्याने मागची सीट उचलून पाहिली आणि तशीच खाली ठेवली. खाली चार बॅटऱ्या होत्या. जड होत्या, आणि त्याचा सदरा आधीच तेजाबाने जळला होता. त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. मी तिथे आहे हे त्याच्या मनातही आलं नसेल.

नुकती चार्ज झालेली बॅटरी ठिणगीने काय करते ते मी पाहिलं होतं. शेजारच्या दुकानात एकाने बिडी पेटवली आणि बॅटरी बॉम्बसारखी फुटली होती.

यांनी भोक पाडलं, गॅस पेटवला, चष्मा कपाळावर तसाच ठेवून खाली वाकले. मी पडदा थोडा सारला.

"अहो."

त्यांनी मान वळवली. "काय वं?"

ड्रायव्हर बाजूलाच उभा होता, हसायच्या तयारीत. माझा हात पट्टीखाली ठणकत होता.

"काही नाही," मी म्हणाले.

पहिली ठिणगी उडाली आणि मागची सीट वर गेली. पत्र्यावर दगड पडल्यासारखा आवाज झाला. हे मागे फेकले गेले, दोन्ही हात तोंडावर, आणि ओरडू लागले. ड्रायव्हर पळाला. मी अख्खा माठ उचलून आणला आणि त्यांच्या तोंडावर पाणी ओतत राहिले. ते मला लाथा मारत होते. मी छातीवर बसून त्यांचे हात ओढून काढले आणि ओतलं. त्यांच्यावर माझा एवढा जोर कधी चालला नव्हता. मोडलेली करंगळी तेव्हा दुखलीसुद्धा नाही.

एक डोळा गेला, दुसरा अर्धा राहिला. दुकान बंद पडू नये म्हणून जोड मी मारू लागले, गिऱ्हाईकासमोर, पडदा काढून. यांचं मला मारणं सुटलं नाही, फक्त त्यांचा नेम चुकू लागला. एक-दोनदा भिंतीलाच लागलं.

तीनेक वर्षांनी एकदा मी रिक्षाचा सांगाडा जोडायला घेतला होता. हे स्टुलावर बसून बोटाने तडा चाचपत होते. एकदम म्हणाले, "त्या दिवशी तू अहो म्हणाली होती. काय सांगून राहिली होती?"

मी गॅस बारीक केला. "चहा घेता का, विचारून राहिली होती."

"चहा तर झाला होता," ते म्हणाले.

त्यांचा हात उठेल असं वाटलं, पण तो तड्यावरच राहिला. बोट सरकत सरकत टोकाशी गेलं, थांबलं.

"इथं भोक पाडलं का?"

"पाडलं," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा चाचपलं, भोक बोटाला लागलं, आणि मग हात काढून घेतला.