काकांच्या खिळ्यावर भातशेत

मी दातांचा डॉक्टर. दिवसभर कुंभकोणमच्या लोकांच्या उघड्या तोंडांत डोकावून संध्याकाळपर्यंत मला माणूस या प्राण्याचाच वीट येतो. म्हणून रविवारी पहाटे मी कॅमेरा घेऊन शेतांकडे पळतो. फोटो काढतो ते काळेपांढरे, आणि त्यात माणूस नको म्हणजे नको. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एखादी बाई चौकटीत आली, तर ती बाहेर जाईपर्यंत मी दातओठ खात उभा असतो.

पिढ्यानपिढ्या इकडे दक्षिणेत राहिलेल्या आमच्या मराठी घरात या फोटोंचं कौतुक कुणाला नाही. आमच्याकडे फोटो म्हणजे तो कुणाचा तरी असावा लागतो. पाहुणे नुसत्या शेतात आधी माणूस शोधतात, आणि नाही सापडला की माझ्याकडे संशयाने बघतात. पलीकडच्या गल्लीत राहणारे माझे मामा तर दर वेळी विचारतात, "रंग संपलेला कीं काय रे?"

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मला जवळच्या इन्नंबूर गावी हवा तसा फोटो मिळाला. धुकं जेमतेम उठलेलं, भात पोटरीत आलेलं. वर सगळं पांढरं, खाली दाट करडं, आणि मधून एकच बांध. आनंदाने मी त्याची मोठी प्रत काढली, चौकट करून घेतली आणि लावायला जागा शोधू लागलो. आमच्या हॉलमध्ये गेलेल्या मंडळींची ओळ आहे. आजोबा, आजी, थोरले काका, सगळे काळेपांढरे, सगळ्यांना हार. त्या ओळीच्या शेवटी एक खिळा रिकामा होता. मी त्यावर फोटो अडकवला आणि दवाखान्यात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भातशेताला हार घातलेला होता. काचेवर, साधारण बांधाच्या टोकाशी, चंदनाचा टिळाही होता.

तो खिळा धाकट्या काकांचा. मी कॉलेजात असताना ते गेले, आणि त्यांची बायको, माझी काकी, तेव्हापासून आमच्याकडेच आहे. काकांचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की ते पाणी प्यायला उठायचे. लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत नेमके त्याच क्षणी शिंकले, त्यामुळे काकीच्या शेजारी शेरवाणीच्या वर नुसता धूर आहे. तरी भिंतीला रंग दिला तेव्हा काकीने हट्टाने त्यांच्या नावाचा खिळा ठोकून घेतला होता, आणि इतकी वर्षं ती त्याच्याकडे बघत जेवत होती. मला तो फक्त रिकामा दिसला.

"काकी, हें शेत आहे!" मी ओरडलो.

"शेतच कीं," काकी म्हणाली. "शेतांत कोण उभें आहे तें पाहा."

मी पाहिलं. बांधाच्या पार टोकाला तिळाएवढा एक ठिपका होता. काय आहे ते मला लगेच कळलं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीचा जुना सिमेंटचा खांब, त्याच्या एका बाजूला लटकलेली फ्यूजची पेटी.

"डावे खांद्यावर पिशवी," काकी म्हणाली. "सोडली कधीं त्यांनीं ती पिशवी?"

मामांना न्याय करायला बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, नाक काचेला लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

"वाळले आहेत," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. शेजारची बाई येऊन फोटोला हात जोडून गेली, तेव्हा तर मी जेवणाचं ताट सरकवून उठलो. खरं-खोटं काही आहे की नाही जगात? मी तेवढाच ठिपका वेगळा काढून ताटाएवढा मोठा केला. इतकं मोठं केल्यावर फोटोत काही उरत नाही, नुसता सांडलेला रवा दिसतो. तेच मला दाखवायचं होतं. काकीने तो कागद खिडकीशी नेऊन धरला.

"आतां बरें दिसूनलागले," ती म्हणाली. "मिशा पण आल्या."

मग मात्र पुढच्या रविवारी मी तिला ऑटोत घातलं आणि इन्नंबूरला नेलं. तिने नऊवारी रेशमी नेसली होती, लग्नकार्याला ठेवलेली. मी रागात असल्यामुळे त्याचा काही विचार केला नाही. बांधावरून तिचा हात धरून तिला थेट खांबापाशी उभं केलं. वीज केव्हाच तोडलेली होती. पेटी गंजली होती, आणि तिच्यावर कवटी आणि दोन हाडं रंगवलेली होती.

"पाहा," मी म्हणालो. "खांब. सिमेंटचा."

काकीने खांब वरपासून खालपर्यंत पाहिला. पेटीवर चढलेला सुकलेला वेल ओढून काढला, हात झटकले.

"खांबच कीं," ती म्हणाली. "आतां तूं जा. तेव्हां जेथें उभा होतास तेथें जाऊन काढ."

"मी माणसांचे फोटो काढत नाहीं, काकी."

"तोंड नको काढूंस. ह्यांच्याएवढी काढ."

मी बांधावरून उलटा चालत गेलो. वळून कॅमेरा लावला तेव्हा ती खांबाशेजारी उभी होती, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, मध्ये वीतभर अंतर ठेवून. चारचौघांत नवऱ्याशेजारी उभं राहताना तिच्या वयाच्या बायका तेवढं अंतर ठेवतात. धुकं गेलं होतं, उजेड वाईट होता. एक गाय मधे आली, तिच्यासाठीही थांबलो. एवढ्या मोठ्या शेतात काकी जराही हलली नाही. मी डोळे पुसले आणि मगच बटण दाबलं.

नवा फोटो आला तेव्हा काकीने पहिला उतरवला, त्याचा हार काढला आणि माझ्या हातात दिला. "घे, हें तुझें शेत." नवा तिने स्वतः त्या खिळ्यावर लावला. माझी बायको ताजा हार घेऊन आली आणि तिचा हात हवेतच थांबला. फोटोत एक जिवंत माणूस होतं. जिवंत माणसाला असा हार कसा घालणार?

मामा म्हणाले, मधे आणखी एक खिळा ठोकून अर्ध्याच फोटोला हार घालावा. बायकोने विचारलं, कुठल्या अर्ध्याला? मग सगळे काचेशी गेले. दोन ठिपके होते, दोन्ही सारखेच करडे. मामा म्हणाले डावीकडचे, बायको म्हणाली उजवीकडचे. मी स्वतः तो फोटो काढलेला, मीही जवळ गेलो, आणि खांब कोणता नि काकी कोणती ते मला सांगता येईना. वाद रंगत चालला, तेव्हा काकी स्वयंपाकघरातून बोलली.

"हार राहूंदे. माझें झाल्यावर दोघांना मिळून घाला."

मामा चष्मा पुसत बसले.

आमच्या गल्लीत कुठलीच गोष्ट लपून राहत नाही. सकाळी फुलवाली दाराशी टोपली टेकवते आणि मान वर न करता विचारते, "डॉक्टर, तो हार?" मी आज नको म्हणतो. ती पुढे जाते, आणि आतून काकीच्या पावलांचा आवाज येईपर्यंत मी दारातच उभा राहतो.